वडील, नग एक

शेवटी तात्यांना बँकेच्या सेफ कस्टडीत ठेवण्यात आलं आणि त्याची रीतसर, शिक्क्यासकट पावती मिळाली.

आता हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू. कारण असं काही घडलेलं नाही. तसं बँकेचं लेखी पत्र आहे. त्या पत्रावर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत आणि त्या दोन्ही तात्यांनी तपासून नापास केल्या आहेत, पण ते नंतर. न घडलेली गोष्ट निदान क्रमाने तरी सांगावी.

तात्या म्हणजे धाकट्याचे वडील. धाकटा चव्वेचाळीस वर्षांचा आहे. पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका कंपनीत त्याच्या हाताखाली दोन माणसं काम करतात आणि त्यातला एक त्याचं ऐकतोसुद्धा. पण घरात तो धाकटाच, कारण एक थोरलाही आहे. थोरला लांब असतो. त्याचं वडिलांवर फार प्रेम आहे आणि ते तो रोज सकाळी फोनवर फॉरवर्ड करतो.

तात्यांनी बँकेत छत्तीस वर्षं एकच काम केलं. सह्या तपासल्या. चेकवरची सही बघायची, कार्डावरची नमुना सही बघायची, जुळली तर चेक पुढे सरकवायचा, नाही जुळली तर ‘सही जुळत नाही’ असा लाल शिक्का मारायचा. निवृत्तीच्या दिवशी बँकेने तात्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि तात्यांनी बँकेला न विचारता तो शिक्का घरी आणला. घड्याळ दोन वर्षांत बंद पडलं. शिक्का अजून चालतो.

दोन वर्षांपूर्वी तात्या विसरायला लागले. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग चष्मा कशाला लागतो ते, मग सूनबाईचं नाव, मग सूनबाई. डॉक्टरांनी या आजाराला डिमेन्शिया म्हणतात असं सांगितलं आणि ते नाव लक्षात ठेवायची जबाबदारी साहजिकच घरच्यांवर आली. सगळं गेलं, पण सह्या राहिल्या. पार्सल घेऊन आलेल्या पोऱ्याने मोबाइलच्या काचेवर बोटाने सही करायला सांगितली तेव्हा सूनबाईने नेहमीप्रमाणे एक वेटोळं काढलं. तात्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, “ही सही आहे का गांडूळ?” मग त्यांनी मोबाइलवरच शिक्का मारला. शाई काढायला नेलपॉलिशचं रिमूव्हर लागलं.

इथपर्यंत हसून साजरं होत होतं. मग एक दिवस साडेनऊला तात्या इस्त्रीचा शर्ट घालून कामावर गेले. ते सापडले चौकातल्या औषधाच्या दुकानात, काउंटरच्या आत. तोवर त्यांनी तीन प्रिस्क्रिप्शनं डॉक्टरची सही संशयास्पद म्हणून परत पाठवली होती. (त्यातल्या एकाबाबत त्यांचं बरोबर होतं. ती वेगळी केस चालू आहे.) दुसऱ्या वेळी मात्र ते सापडले हमरस्ता ओलांडून पलीकडे, टोलनाक्याच्या खिडकीशी, भर वाहनांत उभे. त्या दिवशी सूनबाईने रजा टाकली, धाकट्याने रजा टाकली, आणि रात्री जेवताना दोघांनी उरलेल्या रजा मोजल्या आणि त्या जेवण संपायच्या आत मोजून झाल्या.

शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे माहीतगार म्हणतात. ते कुठून निवृत्त झाले हे कुणालाच माहीत नाही, पण बाकी सगळं त्यांना माहीत असतं. त्यांनी दार उघडं दिसताच आत येऊन सांगितलं की हल्ली अशा लोकांसाठी खास केंद्रं निघालीत, चोवीस तास माणूस, दाराला नंबरचं कुलूप, भिंतीला मऊ रंग. सूनबाईने मऊ रंग म्हणजे काय ते विचारलं. माहीतगार म्हणाले, बघितल्यावर कळतो.

मग केंद्रं बघणं सुरू झालं. पहिल्या केंद्रात भिंती मऊ होत्या, पण जागा नव्हती. यादीत नाव घालून ठेवा, म्हणाले, साधारण सहा वर्षांत नंबर लागेल. दुसऱ्या केंद्रात जागाच जागा होती, आणि का ते वास आल्यावर समजलं. तिसरं केंद्र चांगलं निघालं. बाग होती, बागेत गोल फिरून पुन्हा दाराशीच येणारी वाट होती, आणि केंद्राचे संचालक इतके हळू बोलत की माणसाला उगाचच आपण आजारी आहोत असं वाटे. त्यांनी दरपत्रक पुढे केलं.

दरपत्रकात तीन योजना होत्या. फक्त नावं विसरणाऱ्यांसाठी सिल्व्हर. चेहरे विसरणाऱ्यांसाठी गोल्ड. स्वतःलाच विसरलेल्यांसाठी प्लॅटिनम, त्यात खोलीत आरसा नसतो. त्यालाच भरायचा अर्ज जोडलेला होता आणि त्याचा चौथा रकाना होता: मुलाला ओळखतात का, हो किंवा नाही.

धाकट्याचं पेन तिथे थांबलं. तो डावखुरा आहे, त्यामुळे त्याने वर लिहिलेलं सगळं त्याच्याच तळहाताने पुसत आणलं होतं, आणि आता तो ते पुसट झालेलं पुन्हा गिरवायला लागला.

संचालक हळूच म्हणाले, “‘नाही’ लिहा. ‘नाही’ला सवलत आहे.”

सवलत का, तर जे मुलाला ओळखतात ते मुलगा निघाला की मागे लागतात, दाराशी बसतात, जेवत नाहीत. त्यांच्यासाठी संध्याकाळचा एक जादा माणूस ठेवावा लागतो आणि त्याचा पगार ‘हो’वाल्यांच्या बिलात येतो. हिशेब चोख होता. धाकट्याने विचार केला. गेले चार महिने तात्या त्याला “अहो” म्हणत होते. मागच्या आठवड्यात त्यांनी त्याला मीटर बघायला आलेला माणूस समजून मीटर दाखवला होता, आणि धाकट्याने तो बघितला होता. तरी त्याने रकाना रिकामा ठेवला. घरी जाऊन विचार करून लिहितो, म्हणाला. जणू काही त्याचंही उत्तर माहीतगारांनाच विचारायचं होतं.

माहीतगारांना त्याने विचारलंही नाही, तरी ते म्हणाले, रकान्याचं राहू दे, पैशाचं बघ.

पैसे होते. तात्यांची मुदत ठेव होती, केंद्राची चार वर्षं निघतील एवढी. पण ती एकट्या तात्यांच्या नावावर होती. दुसऱ्या कुणाचं नाव त्यांनी घातलं नव्हतं, कारण घरातल्या कुणाचीच सही त्यांना भरवशाची वाटत नसे. ठेव मोडायला त्यांचीच सही हवी. त्यात काय मोठंसं, असं वाटून धाकटा त्यांना घेऊन त्यांच्याच जुन्या शाखेत गेला.

तिथल्या मॅनेजरबाई एके काळी तात्यांच्या हाताखाली काम शिकलेल्या. त्या उठून उभ्या राहिल्या, “या सर” म्हणाल्या, खुर्ची दिली. तात्यांनी सही केली. बाईंनी कपाटातून नमुना सहीचं पिवळं पडलेलं कार्ड काढलं आणि कागदाशेजारी ठेवलं. एवढं व्हायला आणि तात्यांचा हात आपोआप पुढे यायला एकच गाठ पडली. त्यांनी दोन्ही कागद ओढून घेतले, खिडकीच्या उजेडात धरले, सहीखालच्या रेघेवरून नख फिरवलं.

“कोण आहे हा माणूस?” तात्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, “आपलेच आहेत सर. जुने खातेदार.”

“हात थरथरतोय. रेघ मध्ये दोनदा उचललीय. घाबरत घाबरत केलेली सही आहे ही.” आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून शिक्का काढून आपल्याच सहीवर मारला.

धाकट्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी कागदाकडे पाहिलं. त्या ओशाळून म्हणाल्या की सही खरंच जुळत नाहीये, आणि जुळत असती तरी सरांनी नाही म्हटलेली सही पास करायची हिंमत या शाखेत अजून कुणाची झालेली नाही.

त्यानंतर आठ दिवस रोज बँक. रोज दहा वाजता तात्या सही करत आणि सव्वादहाला ती नापास करत. तिसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं की हा जो कुणी खोट्या सह्या करतोय तो भलता चिकट आहे, याच्यावर लक्ष ठेवा. माहीतगारांनी अंगठ्याची युक्ती सुचवली. बाईंनी शाईचा पॅड पुढे केल्यावर तात्या इतके दुखावले की पाणीसुद्धा प्यायले नाहीत. छत्तीस वर्षांची नोकरी आणि शेवटी अंगठा. मग माहीतगारांनी डॉक्टरचा दाखला सुचवला. दाखल्यात ‘विसरतात’ लिहिलं तर बँक म्हणणार यांची सही चालणार नाही, आणि ‘विसरत नाहीत’ लिहिलं तर केंद्र म्हणणार मग आमच्याकडे कशाला आणता. डॉक्टरांनी दोन्ही दाखले लिहून द्यायची तयारी दाखवली, पण एकाच तारखेचे नकोत म्हणाले.

या आठ दिवसांत एक चमत्कारिक गोष्ट होत होती आणि ती पहिल्यांदा सूनबाईच्या लक्षात आली. तात्या झोपायला लागले होते. जेवायला लागले होते. बँकेत खिडकीशेजारच्या रिकाम्या टेबलावर बाईंनी त्यांना जुन्या रद्दी स्लिपांचा गठ्ठा दिला होता आणि ते दिवसभर तो तपासत. कुठे निघून जाणं नाही, चिडणं नाही. शिपाई त्यांना दर दोन तासांनी चहा देई आणि ते चहाच्या पावतीवरची सही तपासून पीत. शोधत फिरलो ते केंद्र हेच की, असं धाकट्याच्या मनात आलं, फक्त इथे बाग नव्हती.

त्याने बाईंना हळूच विचारलं, म्हणजे संचालकांसारखं हळू, की यांना रोज दहा ते पाच इथेच ठेवता येईल का. बाईंचं मन होतं. पण नियम? नोकर नाही, काम असलेला खातेदार नाही, मग हा माणूस शाखेत आहे कोण, असं उद्या तपासणीत विचारलं तर? बाईंनी नियमांचं जाडजूड पुस्तक उघडलं. बाहेरच्या माणसाने आणलेली गोष्ट बँकेने स्वतःच्या ताब्यात ठेवायची असा प्रकार त्या अख्ख्या पुस्तकात एकच होता. सेफ कस्टडी. लोक दागिन्यांची पेटी ठेवतात, मृत्युपत्राचं पाकीट ठेवतात. पेटीच असली पाहिजे असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी रजिस्टर काढलं आणि गंभीरपणे रकाने भरायला घेतले. वस्तूचं वर्णन: वडील. नग: एक. स्थिती: जुनी, चालू. आकार: मोठं पार्सल. सीलबंद आहे का, इथे त्यांनी जरा विचार करून लिहिलं: शर्टाची सर्व बटणं लावलेली. मग आला रकाना, अंदाजे मूल्य. धाकटा पेनाचं टोपण काढून पुन्हा लावत बसला. बाईंनी वाट पाहिली आणि मग स्वतःच लिहिलं: जाहीर केलेलं नाही.

वार्षिक शुल्क केंद्राच्या दोन दिवसांच्या चहाइतकं होतं. धाकट्याने भरलं, कार्डावर स्वतःची नमुना सही दिली, पावती घेतली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ऑफिसला जाताना शीळ वाजवली. हाताखालच्या दोघांपैकी जो ऐकतो त्याने ती ऐकली.

घोळ झाला पाच वाजता. ठेवलेली वस्तू परत द्यायची तर ठेवणाऱ्याची सही घ्यायची आणि ती नमुन्याशी पडताळायची, हा नियम. धाकट्याने सही केली. पडताळायला शाखेत अनुभवी माणूस एकच होता, आणि तो ती वस्तू होता.

तात्यांनी कार्ड घेतलं, सही घेतली, उजेडात धरली. “सही जुळते,” ते म्हणाले. धाकट्याच्या जिवात जीव आला. “पण माणूस जुळत नाही.”

“म्हणजे?”

“इथे लिहिलंय, ठेवणारा मुलगा. धाकटा. आमचा धाकटा सातवीत आहे.” त्यांनी चष्म्यावरून त्याच्या टकलाकडे पाहिलं. “तुम्ही सातवीत आहात?”

बाईंनी समजावलं. शिपायाने समजावलं. धाकट्याने ओळखपत्र दाखवलं, त्यावरचा फोटो पाहून तात्या म्हणाले की हाही सातवीतला नाही. साडेपाच झाले. रखवालदार किल्ल्या वाजवायला लागला. चव्वेचाळीस वर्षांच्या गृहस्थाला चार लोकांदेखत आपल्याच बापापुढे आपण मुलगा असल्याचं सिद्ध करता येऊ नये, ही गोष्ट धाकट्याला फार लागली. बाई आधी तुलनेने शांत होत्या, पण आता त्यांनीही पुस्तकात बघितलं. न नेलेली वस्तू तिजोरीत ठेवावी, असं तिथे होतं. सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं आणि मग तिजोरीच्या दाराकडे, आणि मग कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

सातवी. धाकट्याला सातवी आठवली. आठवण्यासारखं त्या वर्षात एकच होतं. त्याने टेबलावरचा कोरा कागद ओढला, पेन डाव्या हातात धरलं आणि सही केली. स्वतःची नव्हे, तात्यांची. बत्तीस वर्षांपूर्वी प्रगतीपुस्तकावर केली होती तशी, जीभ दातांत धरून. कागद त्याने पुढे सरकवला.

तात्यांनी तो घेतला. एवढा वेळ लावून त्यांनी आजवर कुठलीच सही पाहिली नव्हती.

“खोटी,” ते म्हणाले, आणि शिक्का मारला. मग कागद खाली ठेवलाच नाही. “खालची रेघ उजवीकडून डावीकडे ओढलीय. शाई डावीकडे संपलीय. डावरा आहे हा. ही आमच्या धाकट्याची.”

धाकट्याने विचारलं, “तुम्हाला तेव्हा कळलं होतं?”

“छत्तीस वर्षं करतोय काय मी इथे?” तात्या म्हणाले. “गणितात अकरा होते. पोर दोन दिवस जेवलं नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“शाळेतून विचारायला आले होते मास्तर. म्हटलं, माझीच सही आहे.” तात्यांनी आजूबाजूला बघून आवाज खाली घेतला. “एकच पास केली. बाहेर बोलू नका.” मग त्यांनी मान वर केली, समोरच्या टकल्या माणसाला नीट बघितलं, डाव्या हातातलं पेन बघितलं. “काय रे, अकरा?” ते म्हणाले. “चल घरी.”

दुसऱ्या दिवशी ते अर्थातच विसरले. त्यामुळे रोज पाच वाजता हे सगळं पहिल्यापासून. धाकटा खोटी सही करी, तात्या ती नापास करीत, गुपित सांगत, बाहेर बोलू नका म्हणत, आणि उठून त्याच्याबरोबर निघत. बाई ती शिक्का मारलेली सही रजिस्टरला लावून शेरा लिहीत: पडताळणी अधिकाऱ्याचं समाधान झालं. शिपाई तर पाच वाजले की हातातलं काम टाकून ऐकायला येई. सूनबाई एकदा मुद्दाम बघायला आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

बावीस दिवस चाललं. तेविसाव्या दिवशी वरच्या ऑफिसातून तपासनीस आले. त्यांना रजिस्टरात अशी वस्तू सापडली जी रोज सकाळी ठेवली जाते आणि रोज संध्याकाळी स्वतःच्याच खोट्या सहीवर, सही खोटी असल्याचा शिक्का मारून, बाहेर सोडली जाते. त्यांनी ही वस्तू हजर करा म्हटलं. वस्तू चहा पीत होती. तपासनिसांनी आपल्या अहवालावर सही केली तेव्हा वस्तूने तो अहवाल मागून घेतला आणि ‘घाईत केलीय’ असं म्हणून शिक्का मारला.

मग ते पत्र आलं. सदर शाखेत असा कोणताही नग कधीही ठेवण्यात आलेला नाही. तात्या सोमवारपासून घरी. बुधवारी ते साडेनऊला शर्ट घालून निघाले. यावेळी माहीतगारांनी त्यांना कोपऱ्यावर अडवलं आणि धाकटा येईपर्यंत दीड तास स्वतःच्या सह्या करून दाखवत बसवून ठेवलं. माहीतगारांचा हा एवढा एकच उपाय कामी आला आणि तो त्यांनी कुणाला सांगितलेला नाही.

केंद्राने महिनाअखेरपर्यंत खाट अडवून ठेवली आहे. धाकट्याने कपाटातून तो अर्ज काढला आणि चौथ्या रकान्यात ‘हो’ लिहिलं. पुसलं गेलं म्हणून पुन्हा लिहिलं. शेजारी जागा नव्हती तरी बारीक अक्षरात लिहिलं: रोज पाच वाजता. संचालकांनी फोनवर सवलतीची पुन्हा आठवण करून दिली, फार हळू. धाकटा म्हणाला, राहू दे, जादा माणसाचा पगार मी भरतो.

पण भरायचा कशातून, तर ठेवीतून, आणि ठेव मोडायला सही हवी. म्हणून त्याने बँकेच्या मुख्य कार्यालयाला अर्ज केला. अर्जाचा मजकूर येणेप्रमाणे:

विषय: नमुना सही बदलून मिळणेबाबत.

महोदय, माझे वडील आपले जुने कर्मचारी व खातेदार असून त्यांची खरी सही ते स्वतः मान्य करीत नाहीत. सबब त्यांच्या कार्डावर, सोबत जोडलेली, मी केलेली त्यांची खोटी सही हीच नमुना सही म्हणून नोंदवून घ्यावी. ती करण्याचा अधिकार फक्त अर्जदारास, डाव्या हाताने असावा. तिची पडताळणी रोज सायंकाळी पाच वाजता, ते जेथे असतील तेथे, खातेदारानेच करावी, आपण अन्य कोणाची नेमणूक करू नये. आणि ती प्रत्येक वेळी, न चुकता, नामंजूर व्हावी, ही नम्र विनंती.